जिन-आचा एवढा राग का येतो?

मैत्रिणींनो, दुपारची कामं आटोपली की आपल्यापैकी कितीतरी जणी मोबाईलवर कोरियन मालिकेचा एखादा भाग बघतातच.

‘समथिंग इन द रेन’ ही २०१८ ची १६ भागांची मालिका. पस्तिशीची जिन-आ मैत्रिणीच्या धाकट्या भावाच्या प्रेमात पडते. त्याच्या घरच्या परिस्थितीमुळे आईला तो पसंत नाही. जिन-आ नातं लपवते, आईच्या आग्रहाखातर दुसरं स्थळही बघून येते. बघणाऱ्या बऱ्याच जणी वैतागतात, “एवढी कमावती बाई, स्पष्ट बोलत का नाही? असं कुणी वागतं का?”

आता २००९ ची ‘बॉईज ओव्हर फ्लॉवर्स’ आठवा. गर्भश्रीमंत गू जुन-प्यो ड्रायक्लीनिंगवाल्याच्या मुलीला सगळ्या शाळेकडून छळवतो, मनगट धरून ओढत नेतो. तरी तो लाडका नायक!

मला हे उलटं वाटतं. खऱ्या आयुष्यात असा मुलगा भेटला तर आपण लेकीला त्याच्या वाऱ्यालाही उभं करणार नाही. जिन-आ मात्र ओळखीची आहे. ऑफिसात वरिष्ठांची लगट हसून निभावणारी, घरी भांडण नको म्हणून गप्प बसणारी. ती खरी आहे, म्हणूनच टोचते.

तिची लपवाछपवी बरोबर नव्हेच. त्यात तो मुलगा दुखावला जातो. पण तिच्यावर चिडताना स्वतःला एवढं विचारूया, आपल्या लेकीला मनातलं आपल्याला सांगायची भीती तर वाटत नाही ना?