क्लॅरिओनेटचा नाद : लांकडांत कीं घडणींत ?

शाळेच्या बँडसाठीं मुलास क्लॅरिओनेट घेऊन देण्याचा प्रसंग आला म्हणजे पालकांपुढें एक प्रश्न हटकून उभा राहतो : वाद्य लांकडाचें घ्यावें कीं एबोनाइटचें ? उत्तम लांकडी वाद्याची किंमत एबोनाइटच्या वाद्याहून कितीतरी अधिक असते. तथापि ‘लांकडावांचून गोड नाद नाहीं’ हा समज इतका दृढ झाला आहे कीं, कांहीं पालक ऋण काढूनही लांकडी वाद्यच घेतात. आणि ज्यांस तें परवडत नाहीं त्यांचीं मुलें आपल्या हातांतील वाद्य हलकें मानून संकोचानें वाजवितात. हा समज तपासून पाहणें म्हणूनच अगत्याचें आहे. आमचें मत आरंभींच सांगतों. क्लॅरिओनेटचा नाद व फुंकेस होणारा अवरोध हे दोन्ही मुख्यत्वें नळीच्या पोकळीवर, छिद्रांच्या घडणीवर, माउथपीसवर आणि रीडवर अवलंबून असतात. लांकडाचें खरें काम ती घडण बिनचूक राखण्याचें आहे.

प्रथम नाद कोठें उत्पन्न होतो तें पाहूं. सतार किंवा व्हायोलिन या वाद्यांत तार कंप पावते व तिच्याबरोबर लांकडी तबकडीही कंप पावून नाद बाहेर टाकते. तेथें लांकडाच्या जातीस फार महत्त्व आहे. क्लॅरिओनेटची गोष्ट वेगळी आहे. बोरूसारख्या एका उंच गवताची पातळ पट्टी, म्हणजे रीड, माउथपीसवर बांधलेली असते. फुंकेसरशी ती उघडझांप करते आणि नळींतील हवेचा स्तंभ कंप पावूं लागतो. नाद देणारी वस्तु ही हवा होय. नळीची भिंत ही तिची केवळ मर्यादा.

आकाराचा प्रभाव केवढा आहे हें एका साध्या गोष्टीवरून कळेल. बासरी जोरानें फुंकली म्हणजे षड्जाच्या जागीं वरच्या सप्तकाचा षड्ज उमटतो. क्लॅरिओनेटच्या मागील आंगठ्याची चावी दाबली तर मात्र षड्ज सोडून एकदम वरच्या सप्तकाचा पंचम उमटतो. याचें कारण क्लॅरिओनेटची नळी बहुतेक सरळ असून रीडच्या बाजूनें बंद असल्यासारखी वागते. नळी लांकडाची असो, एबोनाइटची असो वा धातूची असो, हा नियम बदलत नाहीं.

इतिहासाची साक्षही अशीच आहे. न्युरेंबर्ग येथील वाद्यकार योहान ख्रिस्तोफ डेनर यानें १७०० सालाच्या सुमारास क्लॅरिओनेट सिद्ध केलें. त्या काळीं व पुढेंही शंभर वर्षांहून अधिक काळ हें वाद्य बहुधा पिवळट रंगाच्या बॉक्सवुड लांकडाचें करीत. मोझार्टनें क्लॅरिओनेटसाठीं आपली प्रख्यात रचना १७९१ सालीं केली, तेव्हां आजचें काळें लांकूड प्रचारांत नव्हतें. बॉक्सवुड ओल शोषून वांकडें होतें. १८३९ सालीं क्लोझे व ऑग्युस्त बुफे यांनीं पॅरिस येथें नव्या रचनेचें क्लॅरिओनेट पुढें आणलें. तिच्यांत अनेक कड्या, दांड्या व खांब बसवावे लागत. अशा यंत्ररचनेस न वांकणारें, घट्ट लांकूड हवें होतें. आफ्रिकेंतील ग्रेनाडिला पुढें सर्वत्र रूढ झालें, याचें एक मोठें कारण त्याची ही स्थिरता होय. हें लांकूड इतकें जड आहे कीं, पाण्यांत टाकल्यास बुडतें. त्याला बारीक छिद्रें स्वच्छ पाडतां येतात आणि आंतून कांचेसारखी झिलई देतां येते.

येथें लांकडाच्या प्रतीचा प्रश्न येतो, आणि तो आम्हीं क्षुल्लक मानीत नाहीं. लांकूड सच्छिद्र किंवा आंतून खरबरीत असेल, तर भिंतीलगतच्या हवेची शक्ति व्यर्थ जाते व नाद मंद होतो. तें पुरतें वाळविलेलें नसेल तर नळी लंबवर्तुळाकार होते, सांधे ढिले किंवा घट्ट होतात आणि स्वर ढळतात. म्हणजे वाईट लांकूड नाद बिघडवितें, हें खरें. परंतु त्यावरून चांगलें लांकूड नाद निर्माण करितें असें सिद्ध होत नाहीं.

शास्त्रज्ञांनीं याची परीक्षा घेतली आहे. अमेरिकेंतील जॉन बॅकस यांनीं १९६४ सालीं क्लॅरिओनेटच्या भिंतीचें कंपन मोजलें व त्याचा ऐकूं येणाऱ्या नादांतील भाग नगण्य असल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. १९७१ सालीं जॉन कोल्टमन यांनीं आंतील मापें सारखीं ठेवून चांदीची, तांब्याची व लांकडाची अशा तीन बासऱ्या केल्या. न पाहतां कोणती कोणत्या द्रव्याची हें श्रोत्यांस किंवा वाजविणारांसही ओळखतां आलें नाहीं.

यावर कोणी म्हणेल, “थोर वादक लांकडी वाद्येंच पसंत करतात, ते काय वेडे आहेत ?” मुळींच नाहींत. कुशल कारागीर आपलें उत्तम काम उत्तम लांकडावर करितो. छिद्रांच्या कडा आंतून हातानें घांसतो, पोकळीचा व्यास मिलिमीटरच्या शतांश भागापर्यंत जपतो. अशा वाद्यांतील गुण लांकडाच्या नांवावर जमा होतात, पण त्यांतील मोठा वांटा हाताचा असतो. लांकडाचें वजन व स्पर्श वादकास सुखद वाटतात, हेंही खरें. तथापि त्याच महागड्या वाद्याचा माउथपीस बहुधा एबोनाइटचाच असतो, हें किती जणांच्या लक्षांत येतें ? फ्रान्समधील बुफे क्रांपोन या कारखान्यानें तर ग्रेनाडिलाचा भुसा व कार्बनचे तंतु एकत्र दाबून केलेल्या द्रव्याचीं क्लॅरिओनेटें काढलीं, आणि तीं पेशानें वाजविणारेही वापरूं लागले.

आतां अवरोधाविषयीं. ‘वाद्य जड जातें’ अशी तक्रार विद्यार्थी करितात तेव्हां दोष बहुधा लांकडाचा नसतो. रीड जाड आहे काय ? माउथपीसचें तोंड फार उघडें आहे काय ? चावीखालची एखादी गादी फाटून हवा गळते काय ? हीं कारणें आधीं पाहावीं. त्यानंतर पोकळीचा विचार येतो. फ्रेंच पद्धतीच्या क्लॅरिओनेटची पोकळी सुमारें १४.६ मिलिमीटर असते. इंग्लंडांतील बूझी अँड हॉक्स यांच्या ‘१०१०’ या विसाव्या शतकांतील वाद्याची सुमारें १५.२ मिलिमीटर असे, आणि तें मोकळ्या, ऐसपैस नादाबद्दल नांवाजलेलें होतें. अर्ध्या मिलिमीटरचा हा फरक वादकास जाणवतो. अवरोध हा सर्वस्वीं दोष नव्हे, हेंही ध्यानांत ठेवावें. तो मुळींच नसेल तर श्वास क्षणांत संपतो व नाद पसरट होतो. अति असेल तर मूल थकतें. वाजविणाऱ्याच्या वयास व शक्तीस तो जुळला पाहिजे.

आणखी एक गोष्ट विचारांत घेण्यासारखी आहे. ग्रेनाडिला हें आपल्या सह्याद्रींतील शिसवीच्याच डाल्बर्जिया कुळांतील झाड. तें मुख्यत्वें टांझानिया व मोझांबिक या देशांतून येतें, फार सावकाश वाढतें, आणि वाद्यास योग्य होण्यास त्याला कित्येक दशकें लागतात. खोड वेडेंवांकडें असल्यामुळें निर्दोष तुकडे थोडेच निघतात. २०१७ सालच्या जानेवारीपासून डाल्बर्जियाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. पुढें २०१९ सालीं तयार वाद्यांस सूट मिळाली. ईश्वराच्या सृष्टींत इतक्या कालानें सिद्ध होणारी वस्तु, जो अद्यापि सरगम शिकत आहे त्याच्यासाठीं केवळ प्रतिष्ठेपायीं वापरावी काय ?

पालकांस आमची विनंती अशी कीं, पहिलें वाद्य एबोनाइटचें, पण चांगल्या घडणीचें घ्यावें. एबोनाइट कोंकणांतील पावसाळ्यांत फुगत नाहीं, देशावरच्या वैशाखांत तडकत नाहीं. उन्हापासून मात्र त्यास जपावें, नाहीं तर रंग हिरवट-तपकिरी होतो. घेतांना वरच्या सांध्याचीं छिद्रें बोटांनीं झांकावीं, खालचें तोंड तळहातानें बंद करावें आणि वरून हवा ओढून पाहावी. ओढ टिकली तर गाद्या ठीक आहेत असें समजावें. वांचलेल्या पैशांतून उत्तम माउथपीस, पुरेशा रीडी व चांगल्या शिक्षकाचें वेतन द्यावें. पुढें मुलाची तयारी झाली व त्यानें लांकडी वाद्य मागितलें, तर तें अवश्य द्यावें. तेव्हां त्या लांकडाचें मोल त्यास कळेल आणि तें पुसण्याची व जपण्याची संवयही लागलेली असेल.

विद्यार्थ्यांनींही एवढें लक्षांत ठेवावें. शेजारच्या मुलाचें वाद्य काळ्या लांकडाचें आहे व आपलें नाहीं, म्हणून मागच्या रांगेंत सरकण्याचें कारण नाहीं. ऐकणारांस लांकूड ऐकूं येत नाहीं. ऐकूं येतो तो सुरांत लागलेला, दीर्घ व स्थिर श्वास. तो बाजारांत विकत मिळत नाहीं. रोज सकाळीं अर्धा तास एकेक स्वर लांबवून धरणारास तो प्राप्त होतो, मग हातांतील नळी कशाचीही असो.