टेन-सी भरून टाक!

नोकरी बदलली की ऑफिसातला कोणीतरी शहाणा हमखास सांगतो, "अरे, जुन्या कंपनीचं पेन्शन ते किती असणार? टेन-सी भर, पैसे काढ, विषय संपव." मलाही सांगून झालं. फ्रेशर असताना बेसिक पंधरा हजारांच्या आत होतं, म्हणून मी ईपीएसमध्ये आलो. चार वर्षांचे पन्नास-पंचावन्न हजार निघत होते. फॉर्म जवळजवळ भरलाच होता!

त्याच आठवड्यात जळगावला मामांकडे गेलो.

मामा 1996 ते 2004 एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये होते. सोडताना हिशेबनीसाने टेन-सीवर सही घेतली, सोळा हजार हातात आले. मग 2006 ते 2013 धुळ्याच्या एका तेल गिरणीत. तिथेही तेच, पस्तीस हजार. आठ आणि सात, पंधरा वर्षं. ईपीएस-95 मध्ये महिन्याच्या पेन्शनला दहा वर्षं लागतात. पण मामांची पाटी दोन्ही वेळा पुसली गेली, आणि आज पेन्शन शून्य.

चीड कशाची येते सांगू? टेन-सी या एकाच फॉर्मवर दोन पर्याय असतात. पैसे काढा, नाहीतर स्कीम सर्टिफिकेट घ्या, म्हणजे जुनी वर्षं पुढच्या नोकरीत जोडली जातात. हा दुसरा पर्याय मामांना कोणी वाचूनसुद्धा दाखवला नाही. "आपल्याला काय माहीत भो, सही कर म्हणाले, केली."

हिशोब करा. शेवटचा पगार पाच हजार, गुणिले पंधरा, भागिले सत्तर. 1071 रुपये महिना, 2020 साली अठ्ठावन्न पूर्ण झाल्यापासून. काढलेले एक्कावन्न हजार चार वर्षांत वसूल झाले असते. पुढचं सगळं वर. शिवाय मामांच्या मागे मामींना विधवा पेन्शन, ते वेगळंच.

"पण हजार रुपयांत होतं काय?" असं एसीत बसून विचारणारे भेटतात. मामींच्या बीपीच्या गोळ्या होतात, साहेब. हजार ही रक्कम लाजिरवाणी आहे हे मात्र खरं. 2013 साली कोश्यारी समितीने तीन हजारांची शिफारस केली, 2014 साली सरकारने किमान हजार ठरवले, आणि 2025 उजाडलं तरी आकडा तोच. महागाई भत्ता नाही. शेजारच्या बुलढाण्यात म्हातारी माणसं साडेसात हजारांसाठी उपोषणाला बसली. त्यांच्याशी भांडण नाहीच. माझं भांडण "थोडं आहे म्हणून फेकून दे" या अकलेशी आहे.

एक मित्र म्हणाला, पैसे काढून म्युच्युअल फंडात टाक, तीस वर्षांत कितीतरी पट होतील. तीस वर्षं हात लावला नाही तर त्याचा हिशोब माझ्यापेक्षा सरस आहे, कबूल. पण त्याच्या स्वतःच्या टेन-सीचं काय झालं? नवा आयफोन. असो.

मी फॉर्म रद्द केला आणि जुना पीएफ नव्या कंपनीत ट्रान्सफरला टाकला. निघताना मामींनी विचारलं, "यांचं आता काही होईल का रे?" मामा टीव्हीकडे बघत होते. नाही म्हणालो.