रोख देऊ का, मावशी?

किराणा मालाच्या दुकानात गल्ल्याच्या मागे, लक्ष्मीच्या तसबिरीखाली ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी असायची. पाटी तेवढी कडक. प्रत्यक्षात तिच्याच खाली लाल कापडात बांधलेली उधारीची वही असायची आणि आळीतली निम्मी बिऱ्हाडे त्या वहीच्या आधाराने महिनाअखेर गाठायची. ती पाटी आता दिसेनाशी झाली आहे. तिच्या जागी काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन आला आहे, आणि शेजारी एक लहानसा डबा, जो ‘पंधरा रुपये प्राप्त झाले’ असे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करतो. आपण कोथिंबिरीची किती रुपयांची जुडी घेतली, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळण्याची सोय या देशात प्रथमच झाली असावी.

हा बदल किती झपाट्याने झाला! यूपीआयची सुरुवात २०१६ च्या एप्रिलमधली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि रांगेत उभ्या असलेल्या माणसाने नाइलाजाने खिशातला फोन बाहेर काढला. पुढे करोनाच्या काळात नोटेला हात लावायची भीती वाटू लागली, तेव्हा उरलेसुरलेही तिकडे वळले. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयच्या व्यवहारांनी एका महिन्यात एक हजार कोटींचा आकडा प्रथम ओलांडला. ऑगस्ट २०२५ मध्ये तो दोन हजार कोटींच्या पुढे गेला. हे यश मोठे आहे, आणि ते नाकारण्याचा करंटेपणा कोणी करू नये. सुट्या पैशांवरून होणारी रोजची हुज्जत संपली, रुपया-दोन रुपयांच्या बदल्यात गोळ्या माथी मारण्याची पद्धत मोडली. टपरीवाल्याच्या गल्ल्यावर रात्री डल्ला मारणाराही आता थोडा निराश होत असेल.

मग रोखीची आठवण काढण्याचे कारण काय? परदेशात या प्रश्नाला एक सरळ उत्तर मिळते. तिथे ग्राहकाने कार्ड वापरले की दुकानदाराला प्रत्येक बिलामागे बँकेला काही टक्के द्यावे लागतात. म्हणून कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानाचे भले व्हावे असे वाटणारी माणसे तिथे मुद्दाम रोख देतात. आपल्याकडे १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला यूपीआयवर हे शुल्क द्यावे लागत नाही. बोलणाऱ्या डब्याचे महिन्याचे भाडे बहुतेकांना भरावे लागते, एवढेच. तेव्हा तिकडचा युक्तिवाद उचलून इथे चिकटवण्यात अर्थ नाही. आपल्याकडची अडचण वेगळी आहे, आणि ती टक्क्यांत मोजता येत नाही.

आमच्या मंडईत जिन्याजवळ बसणाऱ्या एका मावशींकडे मी बरीच वर्षे पालेभाजी घेतो. त्यांच्या टोपलीलाही चौकोन लटकलेला आहे. एकदा मी फोन पुढे केला, तर त्या अवघडून म्हणाल्या, ‘‘दादा, रोख नाही का थोडे?’’ मी कारण विचारले. ‘‘ते पोराच्या खात्यात जातंय की. संध्याकाळी मागायला लागतंय त्याला.’’ पहाटे माल आणायचा तर हमालाला आणि टेम्पोवाल्याला रोख द्यायची. दुपारी चहा, डोके दुखले तर गोळी, नातीसाठी केळी, येताना रिक्षा. दिवसभर भाजी विकून हातात काहीच नाही, आणि रात्री स्वतःच्याच कमाईसाठी मुलापुढे हात पसरायचा. मुलगा वाईट नव्हे. पण ‘‘कशाला पाहिजेत?’’ एवढे तो विचारतोच. कमरेच्या बटव्याला हा प्रश्न विचारण्याची आजवर कोणाची छाती झाली नव्हती.

त्या दिवसापासून मी जिथे तिथे तो चौकोन पाहतो, तेव्हा त्याखालचे नावही वाचतो. खानावळ चालवणारी बाई एक, नाव नवऱ्याचे. इस्त्री करणारा एक, नाव मेव्हण्याचे, कारण त्याच्या स्वतःच्या फोनला धड आकडेसुद्धा उमटत नाहीत. बाईंच्या बटव्यातला पैसा बाईंचा होता. खात्यातला पैसा मात्र ज्याच्या नावाने खाते आणि ज्याच्या हाती फोन, त्याचा. तांदळाच्या डब्यात, पातळाच्या घडीत, देवघरातल्या पाटाखाली आपल्या आया-आज्यांनी पैसे जपून ठेवले ते काही सरकारला फसवायला नव्हे. मुलीच्या फीला, माहेरच्या आजारपणाला आणि क्वचित दारुड्या नवऱ्यापासून वाचवायला ठेवले. २०१६ च्या नोव्हेंबरात ते डबे उघडावे लागले, तेव्हा अनेक घरांतल्या पुरुषांना त्यांचा प्रथमच पत्ता लागला. त्या प्रसंगावर विनोद पुष्कळ झाले. त्या बायकांची एकुलती एक स्वतंत्र पुंजी उघड्यावर आली, याबद्दल कोणाला फारसे वाईट वाटल्याचे आठवत नाही.

ज्यांचे खाते स्वतःच्या नावावर आहे, तेही निर्धास्त नाहीत. कुठल्याशा फसवणुकीतला पैसा दहा खात्यांतून फिरत फिरत चहाच्या बिलाच्या रूपाने टपरीवाल्याच्या खात्यात शिरतो, आणि दूरच्या राज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून याचे खाते गोठते. चहा दिला हाच काय तो अपराध. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात याहून मोठी गडबड झाली. यूपीआयवरची जमा पाहून राज्याच्या कर खात्याने हजारो छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याला २९ लाख रुपये भरण्यास सांगितले गेले. चार वर्षांची त्याची जमा १ कोटी ६३ लाख होती. ताज्या भाजीवर जीएसटी नाही, हे त्या नोटिशीच्या गावीही नव्हते. मग बेंगळुरूत दुकानादुकानांतून चौकोन खाली उतरले आणि ‘फक्त रोख’ अशा चिठ्ठ्या लागल्या. सरकारने पुढे मागची थकबाकी वसूल न करण्याचे आश्वासन देऊन प्रकरण निवळवले. पण जमा म्हणजे नफा नव्हे, आणि काही वेळा ती स्वतःची कमाईही नव्हे, हे कळण्यासाठी भाजीवाल्यांना संपाची भाषा करावी लागली.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे: रोखीचा पुरस्कार म्हणजे करचुकवेगिरीचा पुरस्कार नव्हे काय? घर घेताना निम्मी रक्कम पिशवीतून मागणारा बिल्डर, पावतीचे नाव काढताच चेहरा पाडणारा बडा डॉक्टर, यांच्याविषयी मला काडीचीही सहानुभूती नाही. त्यांच्याकडे चौकोन सक्तीचा करावा, वाटल्यास डबाही बसवावा आणि त्याचा आवाज मोठा ठेवावा. पण माल विकणाऱ्याची जीएसटी नोंदणीची मर्यादा बहुतेक राज्यांत वर्षाला चाळीस लाखांची आहे. मेथीच्या जुड्या विकून ती ओलांडणारी मावशी मला अजून भेटायची आहे. ती रोख मागते म्हणजे देशाचा कर बुडतो, असे म्हणणारा माणूस एकतर अर्थशास्त्र विसरला आहे किंवा मंडईत गेलेला नाही.

शिवाय रोख काही देशातून नाहीशी झालेली नाही. नोटाबंदीच्या वेळी चलनात सुमारे पावणेअठरा लाख कोटींच्या नोटा होत्या. मार्च २०२५ पर्यंत त्या दुपटीहून अधिक झाल्या. गंमत अशी की, त्यांच्या मूल्यातला सुमारे ८६ टक्के वाटा एकट्या पाचशेच्या नोटेचा आहे. म्हणजे रोख आहे, पण भाजीवालीच्या उपयोगाची नाही. एटीएममधून पाचशेच्या नोटा निघतात आणि त्या सकाळी सकाळी तिच्यापुढे धरल्या जातात. मग तीच कंटाळून म्हणते, ‘‘जाऊ द्या, फोनवरच करा.’’ रोख कालबाह्य झाली म्हणून आपण ती सोडली असे नाही. दहा-वीसची नोट मिळेनाशी झाली म्हणून सुटली. एटीएममध्ये शंभर-दोनशेच्या नोटा ठेवण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये काढला, हे बरे झाले. मात्र त्याच सुमारास, १ मेपासून, मोफत मर्यादेपलीकडे पैसे काढण्याचे शुल्क २३ रुपयांपर्यंत नेण्याची मुभाही बँकांना मिळाली. आपल्याच पैशाला हात लावायचे भाडे!

नॉर्वेसारख्या देशाने, जिथे रोख जवळपास दिसेनाशी झाली होती, ऑक्टोबर २०२४ पासून दुकानात रोख देण्याचा ग्राहकाचा हक्क कायद्याने बळकट केला. आपल्याकडे मोठ्या मॉलच्या काही खाद्यदालनांत नोट पुढे केली की पोरगा असा पाहतो, की आपण कवड्या काढल्या आहेत. तिथे कायदा काय करायचा तो करील. १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय काही तास अडखळले, तेव्हा शनिवारच्या दुपारी भरल्या ताटापुढे बसून फोन हलवणारी मंडळी मी स्वतः पाहिली आहेत. त्यांच्या शेजारी चाळीस रुपये मोजून देऊन शांतपणे उठून गेलेला एक हमाल होता.

घरच्या पातळीवर करण्याजोगे एवढेच, की महिन्याच्या सुरुवातीला बँकेच्या खिडकीवरून दहा आणि वीसच्या नोटांचे एकेक पुडके मागून आणावे. कारकून कपाळाला आठ्या घालतो, पण देतो. बाजारच्या पिशवीत फोनबरोबर तेही असावे. आणि विक्रेत्याला विचारावे, कसे देऊ? मॉलमध्ये वाढलेल्या तरण्या पोराला कदाचित फोनच सोयीचा वाटेल. मग तसे द्यावे. मावशी मात्र बहुधा हात पुढे करतील. सकाळी सातच्या आत गेलात तर नेमके पैसे न्या, सुटे मागू नका. भवानी व्हायची असते, आणि ती नोट त्यांना आधी कपाळाला लावायची असते.