पन्नास मिनिटांत कैलास

साक्रीहून पहाटे पाचला निघालेली बस नेर, कुसुंबा मागे टाकून धुळ्यात शिरली, तेव्हा नुकते उजाडत होते. गाडी पूर्ण भरलेली होती. माध्यमिक शाळेतील तीन शिक्षक, एक वकील, दोन किराणा व्यापारी, पतसंस्थेत काम करणारी मंडळी, त्यांची कुटुंबे आणि चार-पाच वृद्ध स्त्रिया. सहल वेरूळची, एका दिवसाची. प्रवास, दुपारचे जेवण आणि ‘सोबत माहीतगार मार्गदर्शक’ असे सारे एकाच रकमेत मिळेल, असे यात्रा कंपनीच्या पत्रकात छापले होते. बस सुटताच गणेशस्तवन झाले, मग भजने झाली, चाळीसगावला पोहे झाले आणि कन्नडचा घाट चढताना मुलांनी खिडक्यांपाशी गर्दी केली. उत्साहाला काही तोटा नव्हता. हे आरंभीच नमूद करतो, कारण पुढे जे लिहावयाचे आहे ते त्या सहप्रवाशांना दूषण देण्यासाठी नव्हे. मीही त्यांच्यातलाच एक होतो आणि मीही पैसे भरून त्याच पत्रकावर विश्वास ठेवला होता.

साक्री ते वेरूळ हे अंतर पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. साडेदहाला आम्ही उतरलो. मार्गदर्शकाने बसच्या दारातच बजावले, “सोळा नंबरला पन्नास मिनिटे. अकरा वीसला सर्वांनी गाडीपाशी यायचे.” वेरूळला चौतीस लेणी आहेत. त्यांपैकी बारा बौद्ध, सतरा हिंदू आणि पाच जैन. आम्हांला त्यांतले एकच दाखविले जाणार होते. त्यानंतर घृष्णेश्वराचे दर्शन, जेवण, खुलताबादचा भद्रा मारुती, देवगिरीचे रस्त्यावर उभे राहून छायाचित्र आणि शेवटी छत्रपती संभाजीनगरात हिमरू व पैठणीचे दुकान. त्या दुकानात आम्ही किती वेळ होतो, हे मी घड्याळ लावून पाहिले. एक तास वीस मिनिटे.

आता कैलासाविषयी. डोंगराच्या उतारावर तीन बाजूंनी खोल चर खणून मध्ये एक प्रचंड खडक सुटा केला आणि मग तो वरून खाली कोरीत आणला. कोरून काढलेला चौक सुमारे चौऱ्याऐंशी मीटर लांब आणि सत्तेचाळीस मीटर रुंद आहे, तर मागचा कडा सुमारे तेहतीस मीटर उंच आहे. येथे दगडावर दगड रचलेला नाही. शिखर, मंडप, नंदीमंडप, दोन्ही ध्वजस्तंभ, अंगणातील हत्ती हे सारे एकाच पाषाणाचे. चूक झाली तर दगड बदलण्याची सोय नव्हती. प्रवेशद्वारातून आत जाताच समोर गजलक्ष्मी दिसते. मंडपाच्या दक्षिण भिंतीवर रामायण आहे, उत्तर भिंतीवर महाभारत. दोन्ही पट्टे ओळीओळीने कोरलेले आहेत आणि लहान मूलही बोटाने दाखवीत ते वाचू शकेल. त्याला कुणीतरी तेथे दहा मिनिटे उभे केले पाहिजे, एवढेच. आमच्या मुलांना तेथे कुणी उभे केले नाही. त्यांना हत्तीपाशी उभे करून त्यांची छायाचित्रे काढण्यात आली.

खालच्या बाजूला रावण कैलास हलवीत आहे, ते सुप्रसिद्ध शिल्प आहे. त्याच्यापुढे आमच्या गाडीतील एक आजी थांबल्या. वय पंच्याहत्तरीच्या पुढे असावे. पिंपळनेरकडच्या. त्यांनी मान वर करून सगळा कडा पाहिला आणि मला विचारले, “हाई इतलं मोठं देऊळ कोनी कोरं व्हई, भाऊ?”

माझ्या मते त्या दिवशी विचारला गेलेला हा एकमेव खरा प्रश्न होता. मी काही बोलण्याआधीच मार्गदर्शक पुढे सरसावला. “आजी, हे माणसाचे कामच नाही!” मग त्याने आपले ठरलेले भाषण सुरू केले. चार लाख टन दगड, अठरा वर्षे, म्हणजे दर तासाला पाच टन, आणि हे आजच्या यंत्रांनाही अशक्य. सबब हे परग्रहावरून आलेल्यांचे काम. लेण्याखाली एक अख्खे नगर आहे आणि सरकारने त्याचे तोंड बंद केले आहे. औरंगजेबाने हजार माणसे लावून तीन वर्षे हे मंदिर फोडण्याचा प्रयत्न केला आणि तो हरला. मंडळींनी टाळ्या वाजविल्या. एका तरुणाने जयघोष केला. आजी काही न बोलता पुढे गेल्या.

मला टाळ्यांचे फार वाईट वाटले. ज्या मंदिराचा अभिमान म्हणून आपण इतक्या लांब आलो, ते आपल्या पूर्वजांनी बांधलेच नाही, असे तो गृहस्थ सांगत होता आणि आपण त्याला दाद देत होतो! परकीय लेखकांनी भारताचे श्रेय इतरांना दिले म्हणून आपण वर्षानुवर्षे तक्रार करीत आलो आहोत. ती तक्रार रास्तही आहे. मग तेच श्रेय परग्रहवासीयांच्या पदरात घालताना आपल्याला काहीच कसे खुपत नाही?

परतीच्या प्रवासात नववीत शिकणाऱ्या एका मुलीला मी मोबाइलवर हिशेब करावयास सांगितले. मार्गदर्शकाचेच आकडे खरे धरले. चार लाख टन भागिले अठरा वर्षे म्हणजे वर्षाला बावीस हजार टनांहून थोडे अधिक. वर्षातील कामाचे तीनशे दिवस धरले तर दिवसाला चौऱ्याहत्तर टन. तीनशे पाथरवट कामावर असतील तर माणशी दिवसाला सुमारे अडीचशे किलो. काळ्या दगडाचा अडीचशे किलोचा तुकडा म्हणजे लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी दीड फुटाहून किंचित कमी असलेला एक ठोकळा. मुलीने मान वर केली आणि म्हणाली, “काका, हे तर होण्यासारखे आहे.” अर्थात होण्यासारखे आहे! घण, पहार, टाकी आणि माणसांची शिस्त एवढ्यांतच ते होण्यासारखे आहे. दगड फोडणारा माणूस ज्याने आपल्या गावाच्या खाणीवर पाहिला आहे, त्याला तो ठोकळा ऐकून हसू येईल. कड्याच्या अंगावर अवजारांचे घाव आजही स्पष्ट दिसतात. अर्धवट राहिलेली लेणी पाहिली, तर काम कोणत्या क्रमाने चाले तेही कळते. परंतु त्यासाठी पन्नास मिनिटे पुरत नाहीत.

आणि ‘कोनी कोरं’ याचे उत्तरही उपलब्ध आहे. राष्ट्रकूट घराण्याच्या गुजरात शाखेतील कर्कराजाचा एक ताम्रपट बडोद्यास मिळाला. तो इसवी सन ८१२ च्या सुमाराचा आहे. कृष्णराजाने एलापूर येथे उभारलेल्या अद्भुत मंदिराचे वर्णन त्यात आले आहे. विमानांतून जाणाऱ्या देवांना ते मानवी कृती वाटेना, आणि ज्याने ते घडविले त्या शिल्पकारालाच, हे आपल्या हातून कसे झाले, असा विस्मय पडला, असा त्यातील श्लोकांचा आशय आहे. एलापूर म्हणजे वेरूळ आणि ते मंदिर म्हणजे कैलास, हे एकोणिसाव्या शतकात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी दाखवून दिले. हा कृष्णराज म्हणजे पहिला कृष्ण. त्याचा काळ आठव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याच्या आधीच्या दंतिदुर्गाचा शिलालेख शेजारच्याच पंधराव्या लेण्यात, दशावतारात, आहे. तेथे आम्ही गेलोच नाही.

मराठीतही याची आठवण टिकून आहे. कृष्ण याज्ञवल्की यांच्या ‘कथाकल्पतरू’त एक कथा येते. राणी माणकावतीने शिखर दिसेपर्यंत अन्न न घेण्याचे व्रत धरले. मंदिर पायापासून बांधावयाचे तर शिखर दिसण्यास वर्षे लागणार. तेव्हा पैठणच्या कोकस नावाच्या स्थपतीने काम शिखरापासूनच आरंभिले आणि राणीचे व्रत सुटले. मंदिराचे नाव माणकेश्वर. ही लोककथा आहे, इतिहास नव्हे. तरी तिच्यात कारागीर आहे, त्याचे गाव आहे, त्याची युक्ती आहे, आणि कोरीवकाम वरून खाली झाले हे तांत्रिक सत्यही आहे. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी या कथेकडे गांभीर्याने पाहिले होते. परग्रहवासीयांच्या कथेत यांपैकी काय आहे?

औरंगजेबाच्या गोष्टीविषयी लिहिणे भाग आहे, मग काही वाचक नाराज झाले तरी चालेल. कैलासातील पुष्कळ मूर्ती भग्न आहेत, हे प्रत्येकाला दिसते. औरंगजेबाने काशीचे विश्वनाथ मंदिर १६६९ साली पाडले, हे त्याच्याच दरबारी इतिहासात नोंदलेले आहे. परंतु ‘मआसिरे आलमगिरी’ या त्याच ग्रंथात वेरूळच्या लेण्यांचे जे वर्णन आहे, ते कौतुकाचे आहे. लेखक म्हणतो की ही जागा पाहिल्याखेरीज शब्दांनी कळणार नाही. हजार माणसे आणि तीन वर्षे यांचा तेथे मागमूस नाही. जे घडले त्याचे भक्कम पुरावे आपल्या हाती असताना, जे कुठेच नोंदलेले नाही ते आपण का सांगावे? उद्या कुणी एखादा अभ्यासू विरोधक ही एक गोष्ट खोटी ठरवील आणि तिच्यासोबत काशीची खरी गोष्टही लोकांच्या मनातून उतरवील. आपल्या बौद्धिक वर्गांतून आणि मोबाइलवरील गटांतून हे सर्रास फिरते आहे. पुढे पाठविण्यापूर्वी आधार कोणता, एवढे विचारण्याची सवय कार्यकर्त्याने लावून घ्यावयास हवी.

त्या मार्गदर्शकावर माझा राग नाही. चाकरी करणारा तरुण होता, बारावीनंतर मिळेल ते काम करीत आलेला. कोणत्या गोष्टीला टाळ्या पडतात, हे त्याला आम्हीच शिकविले आहे. वेरूळला अधिकृत परवाना असलेले, वर्षानुवर्षे अभ्यास केलेले मार्गदर्शक मिळतात. पण त्यांचे मानधन वेगळे द्यावे लागते, आणि आमच्या पत्रकातली रक्कम तर कमीत कमी ठेवलेली. माणशी शे-दीडशे रुपये वाचले म्हणून आपण खूश होतो आणि त्याच दिवशी दुकानात काही हजारांची साडी घेतो.

मार्गावर काय काय मागे पडले, याचाही विचार करावा. चाळीसगावला पोहे खाल्ले, तेथून जेमतेम वीस किलोमीटरवर पाटणे आहे. पाटणादेवीला आपल्यातले बहुतेक जण कधी ना कधी गेलेले असतात. त्याच परिसरात सापडलेला तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख सांगतो की, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दान दिले. त्या लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. खानदेशात, डोंगराच्या पायथ्याशी, आठशे वर्षांपूर्वी गणित शिकविण्यासाठी संस्था उभी राहते आणि तिच्या उत्पन्नाची तरतूद लोकांच्या भाषेत दगडावर कोरली जाते. बसमध्ये कुणी एक शब्दही उच्चारला नाही. वेरूळ गावातही तेच. भोसल्यांची पाटीलकी या गावची, मालोजीराजे येथले, घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार पुढे अहल्यादेवींनी केला. दर्शनाच्या रांगेत तासभर उभे असताना हे सांगता आले असते. रांगेत सर्व जण मोबाइल पाहत होते.

मुळात, वेरूळपर्यंत जावयाचे तरी कशाला, असाही प्रश्न मला रात्री साक्रीच्या स्थानकावर उतरताना पडला. वेरूळ पाहूच नये, असे नव्हे. पण आमच्याच तालुक्यात बळसाणे आहे. अकराव्या-बाराव्या शतकांतील मंदिरांचा एक समूह तेथे उभा आहे, केंद्रीय पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेला. हेन्री कझिन्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमधील मध्ययुगीन मंदिरांवर लिहिलेला ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. त्यात बळसाण्याला स्थान आहे. आपण त्यांना सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतो. हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री. ही मंदिरे त्याच्या आधीची. म्हणजे नावसुद्धा आपण चुकीचे वापरीत आलो. शिवाय भामेरचा किल्ला आणि तेथील खडकात कोरलेल्या खोल्या आहेतच. बळसाण्याला कोण कोण गेले आहे, असे मी परतताना बसमध्ये विचारले होते. जैन तीर्थाच्या निमित्ताने जाऊन आलेले तिघे निघाले. जुनी मंदिरे थांबून पाहिलेला एकच, तोही शाळेत असताना.

सहल काढणाऱ्या मंडळींना माझे सांगणे साधे आहे. एका दिवसात दोनच ठिकाणे ठेवा, पाच नकोत. वेरूळला जाणार असाल तर मंगळवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात. कैलासासाठी तीन तास आणि दहाव्या, पंधराव्या व बत्तिसाव्या लेण्यांसाठी उरलेला दिवस ठेवा. परवानाधारक मार्गदर्शकाचे मानधन वर्गणीतच धरा. निघण्यापूर्वी आठवडाभर आधी एका सायंकाळी कुणाच्या तरी ओसरीवर जमून नकाशा आणि छायाचित्रे पाहा. इतिहासाच्या आणि चित्रकलेच्या शिक्षकांना बोलवा. त्यांना कुणी बोलावीत नाही, म्हणून ते बोलत नाहीत. दुकानात जावयाचे तर अवश्य जा, पण निराळ्या दिवशी.

आमच्यापैकी काही जणांनी पुढच्या सहलीची यादी करावयास घेतली आहे. पहिले ठिकाण बळसाणे. गाडी सकाळी आठला साक्रीहून निघेल, तासाभरात पोहोचेल आणि सायंकाळी परत येईल. चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक मुलांकडून खांबांची रेखाटने करून घेणार आहेत, म्हणून प्रत्येकाने कागद, पेन्सिल आणि घरचा डबा आणावयाचा आहे. पिंपळनेरच्या आजींना निरोप पाठविला, तेव्हा त्यांनी एवढेच विचारून घेतले की या वेळी सांगणारा माणूस कोण आहे.