हवेतली माझदा

2015 च्या जूनमध्ये इंग्लंडमध्ये गुडवुडला गाड्यांची जत्रा भरली, तेव्हा माझदाने मैदानाच्या मधोमध एक पोलादी शिल्प उभं केलं. शिल्पकार जेरी जुडा, उंची 40 मीटर, म्हणजे चांगली बारा मजली इमारत. वर टोकाला दोन गाड्या. एक नारिंगी-हिरवी 787बी. याच मॉडेलने 1991 साली ले मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. दुसरी एलएम55. ही मात्र कुठल्या शर्यतीत उतरली नव्हती की कुठल्या शोरूममध्ये आली नव्हती. ती होती व्हिडिओ गेममधली. लोकांना दाखवायला तिचं पूर्ण आकाराचं मॉडेल करून घेतलं होतं, एवढंच.

आपल्याकडे माझदा म्हटलं की डोळ्यांसमोर येतात त्या स्वराज माझदाच्या मिनीबस. शाळेच्या, लग्नाच्या वऱ्हाडाच्या. त्या नावाची कंपनी हिरोशिमात बसून असले उद्योग करत असेल असं कुणाच्या मनातही आलं नसतं.

या उद्योगामागे आहे काझुनोरी यामाउची हा माणूस. त्याचा ‘ग्रॅन टुरिस्मो’ हा गेम 1997 मध्ये आला. पंधरा वर्षं झाल्याच्या निमित्ताने त्याने जगभरच्या मोटार कंपन्यांना गळ घातली, की तुमच्या डिझायनरांना मोकळं सोडा आणि आमच्या गेमसाठी एकेक गाडी काढून द्या. ना विक्रीचा विचार, ना अपघाताच्या चाचण्या, ना डिकीत सुटकेस मावते का हा प्रश्न. एखाद्या गेमवाल्याचं एवढं कोण ऐकतं? पण यामाउचीचं वजन वेगळं होतं. 2007 च्या निसान जीटी-आरमध्ये डॅशबोर्डवर जो माहितीचा पडदा आहे, तो त्याच्याच स्टुडिओने आखून दिला होता. शिवाय हा गृहस्थ स्वतः न्युर्बुर्गरिंगच्या चोवीस तासांच्या शर्यतीत गाडी चालवायचा.

मोकळं सोडलं की माणसं काय करतात ते मग दिसलंच. क्रायसलरने टॉमाहॉक नावाची गाडी काढली. तिच्या सगळ्यात जहाल आवृत्तीची ताकद 2,590 हॉर्सपॉवर आणि वजन साधारण साडेसातशे किलो. आपल्या मारुती 800 पेक्षा थोडंसंच जास्त! कागदावर शून्यं वाढवायला पैसे पडत नाहीत. खरं सांगायचं तर अशा गाड्यांचा मला चटकन कंटाळा येतो.

माझदाने काय केलं? डिसेंबर 2014 मध्ये गेममध्ये आलेल्या आपल्या गाडीला तिने जुन्या गाडीचा नंबर दिला. एलएम म्हणजे ले मान्स आणि 55 हा 1991 च्या त्या 787बीच्या दारावरचा क्रमांक.

त्या शर्यतीची हकिकत रंगवून सांगण्यासारखीच आहे. मर्सिडीज आरामात पुढे होती. शेवटचे तीनेक तास उरले आणि तिचं इंजिन तापून गाडी बसली. मागून 55 नंबर पुढे आली. शेवटच्या टप्प्यात ती जॉनी हर्बर्टकडे होती. गाडी लयीत चालली आहे तर ड्रायव्हर कशाला बदला, म्हणून तोच चालवत राहिला. 362 फेऱ्या पुऱ्या करून थांबला, बाहेर आला आणि अंगातलं पाणी संपल्याने कोसळला. बक्षिसाच्या व्यासपीठावर उरलेले दोघं, फोल्कर वाइडलर आणि बर्ट्रां गाशो, आणि पहिला नंबर काढणारा तिसरा वैद्यकीय कक्षात आडवा. ले मान्स जिंकणारी ही पहिली जपानी कंपनी. दुसरीला, म्हणजे टोयोटाला, त्यासाठी 2018 उजाडावं लागलं.

पण माझदावाल्यांचा जीव अडकला आहे तो 787बीतल्या रोटरी इंजिनात. नेहमीच्या इंजिनात दट्टे वर-खाली होतात. इथे साधारण त्रिकोणी आकाराचा रोटर एका लंबुळक्या पोकळीत गरगर फिरतो. धक्के कमी, आवाज चढा, आकार लहान. साठच्या दशकात केनिची यामामोतो यांच्या हाताखाली 47 इंजिनिअर या एका इंजिनामागे लागले होते. रोटरच्या टोकाची पट्टी आतल्या भिंतीवर घासून ओरखडे उठत. त्यांना या लोकांनी नाव ठेवलं होतं, ‘सैतानाच्या नखांच्या खुणा’. पट्टीसाठी नाना पदार्थ वापरून त्यांनी ते ओरखडे घालवले आणि 1967 मध्ये कॉस्मो स्पोर्ट विकायला काढली. इंजिनाची पेट्रोलची भूक आणि तेल पिण्याची सवय मात्र शेवटपर्यंत गेली नाही. 1991 च्या विजयानंतर पुढच्याच वर्षी ले मान्सच्या नियमांत रोटरीला जागाच राहिली नाही, आणि 2012 मध्ये शेवटची आरएक्स-8 कारखान्यातून बाहेर पडली. कारखान्यात रोटरीच्या गाड्या बंद झाल्या, मग राहिलं काय? गेम.

2020 मध्ये माझदाने त्याच गेमसाठी आरएक्स-व्हिजन जीटी3 काढली, आणि माझ्या मते एलएम55 पेक्षा ही जास्त बोलकी आहे. तिची ताकद फक्त 570 हॉर्सपॉवर, तीही नऊ हजार आरपीएमला. वजन 1,250 किलो. इंजिन रोटरी. वाटेल तो आकडा लिहायची मुभा असताना हा आकडा का? कारण गाडी कल्पनेतली असली तरी तिला खऱ्या जीटी3 शर्यतीच्या मापात बसवायचं होतं. दिवास्वप्न बघणारा माणूस इतका हिशोबी नसतो. ज्याला गाडी उद्या खरंच रेसला उतरवायची आहे, तोच किलो मोजतो.

माझ्या भाच्याकडे हा गेम आहे. त्याने ही गाडी मला ले मान्सच्याच ट्रॅकवर चालवायला दिली. बॉनेट संपता संपत नाही, ड्रायव्हर जवळजवळ मागच्या चाकांवर बसलेला. लांबलचक सरळ रस्त्यावर आवाज चढत जातो आणि आता गिअर बदलावा असं वाटतं, तरी सुई वर सरकतच असते. तेवढ्यात वळण आलं. “मावशी, ब्रेक आधी दाबायचा असतो,” असं तो म्हणेपर्यंत मी वाळूत. “आणि दाबून धरायचा नाही, हळूहळू सोडायचा.” दहावीतला मुलगा, लायसन्सही नाही, आणि मी वीस वर्षं पुण्याच्या रस्त्यावर गाडी चालवते आहे. पण त्याचं बरोबर होतं. पुढच्या फेरीला वळण निघालं.

2023 मध्ये माझदाने रोटरी परत आणली, एमएक्स-30 या इलेक्ट्रिक गाडीत. तिथे ते इंजिन जनरेटरचं काम करतं. बॅटरी भरायची आणि गप्प राहायचं, चाकांशी त्याचा थेट संबंध नाही. कंपनीचाही नाइलाज असेल. त्यामुळे नऊ हजारांपर्यंत ओरडणारी नवी रोटरी मला हवी असेल तर सध्या भाच्याकडेच जावं लागतं, आणि त्याची बोर्डाची परीक्षा संपेपर्यंत त्याच्या आईने तो रिमोट कपाटात ठेवला आहे.