एकलहऱ्याची राख आणि आमचे विस्मरण

नाशिक रोडजवळील एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्रात १९७० पासून कोळसा जळत आला आहे. भारतीय कोळशात सुमारे ३० ते ४५ टक्के राख असते. म्हणजे तीन गाड्या कोळसा जळला, की सुमारे गाडीभर राख मागे उरणारच. या राखेपुढे सुशिक्षित नाशिककर एकच कृती करतो : नाक मुरडतो!

तोच नाशिककर जुन्या नाशकातील एखाद्या वाड्यात शिरला, की भर वैशाखातील गारव्याने चकित होतो. त्या गारव्याचे श्रेय जाड भिंतींना आणि चौकाला आहेच. पण घाणीत मळलेल्या चुन्यालाही आहे. त्या चुन्यात सुरखी, म्हणजे विटांचे तुकडे कुटून केलेली पूड, मिसळत. टाकाऊतून टिकाऊ करण्याची ही विद्या आमच्या गवंड्यांना कोणत्या परिषदेने शिकवली नव्हती. आज मात्र स्थापत्याचा विद्यार्थी इटलीतील पोझुओली गावावरून पडलेले ‘पोझोलाना’ हे नाव पाठ करतो आणि सुरखी विसरतो.

राखेचे रसायन सुरखीचेच आहे. तिच्यातील सिलिका चुन्याशी संयोग पावून घट्ट बांधणी करते. सिमेंटची घनता ३.१५, तर राखेची २.२ च्या आसपास. तिचे काही कण तर आतून पोकळच. म्हणून सिमेंटच्या काही भागाऐवजी राख घातलेला गिलावा हलका होतो आणि त्यातून उष्णता कमी वेगाने आत झिरपते. शिवाय मिश्रण घट्ट होताना निर्माण होणारी उष्णताही घटते. देशातील पहिले रोलर कॉम्पॅक्टेड काँक्रीटचे धरण अकोले तालुक्यात घाटघरला उभे राहिले, ते मुबलक राख वापरूनच. धरणाला चालणारी राख घराला अस्पृश्य का?

‘राखेचा माल उशिरा बळकट होतो,’ असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. पण त्यावर उपाय आहे तपासलेली राख, योग्य प्रमाण आणि अधिक दिवस पाणी मारणे. अडचण राखेची नसून घाईची आणि ठेकेदारीची आहे. कायद्याचीही वाण नाही. १९९९ ची केंद्रीय अधिसूचना आहे, २०१६ चे राज्याचे राख धोरण आहे, २०२१ ची अधिक कठोर अधिसूचना आहे. वाण आहे ती स्वत्वाची. थंड देशांतील काचेच्या इमारतींची नक्कल नाशिकच्या उन्हात उभी करायची, मग ती थंड ठेवण्यासाठी वातानुकूलन यंत्रे लावायची, त्यांच्या विजेसाठी पुन्हा कोळसा जाळायचा आणि उरलेल्या राखेला शिव्या द्यायच्या, याला प्रगती म्हणावे काय?

२०२७ च्या सिंहस्थासाठी गोदातीरी बांधकामे होत आहेत. ज्या पर्वात भस्मचर्चित साधूंपुढे लाखो मस्तके नमतात, त्या पर्वाच्या नगरीने तरी भस्माला कचरा म्हणू नये. स्वदेशीचे व्रत घेतलेल्या प्रत्येक कुटुंबाने घर बांधताना गवंड्याला एवढेच विचारावे : मालात राख किती घालणार? स्वदेशी भाषणात नव्हे, भिंतीत दिसली पाहिजे.