उच्चार आणि कान

अमेरिकी विद्यापीठात पीएच.डी. करावयास गेलेला आपल्याकडचा विद्यार्थी अनेकदा पहिल्याच सत्रात शिक्षक होतो, ही गोष्ट इथे फारशी लक्षात घेतली जात नाही. त्याची फी माफ होते, दरमहा विद्यावेतन मिळते, ते बहुधा अध्यापन-साहाय्यक म्हणून. त्या बदल्यात पदवीच्या मुलांचे प्रयोगवर्ग वा उजळणीचे तास घ्यायचे, उत्तरपत्रिका तपासायच्या, ठरल्या वेळी शंकानिरसनास बसायचे. वर्ग हातचा गेला तर त्याच्या स्वतःच्या शिक्षणाचाच आधार डळमळतो. 

१९८०च्या दशकात अशा साहाय्यकांचे इंग्रजी समजत नाही, ही विद्यार्थ्यांची आणि पालकांची तक्रार विधिमंडळांपर्यंत पोचली. फ्लोरिडाने १९८३ मध्ये, पेनसिल्व्हेनियाने १९९० मध्ये शिकवणाऱ्याच्या बोलण्यातील इंग्रजीची खातरजमा करण्याची सक्ती कायद्यानेच केली. तोंडी परीक्षा आल्या, प्रशिक्षणवर्ग आले. या वर्गांना माझा विरोध नाही, उलट ते हवेतच. प्रश्न एवढाच, की तयारी कशाची करून घ्यायची?

'उच्चार सुधारणे' हेच तयारीचे दुसरे नाव, अशी समजूत अजून गेलेली नाही. मराठी माणसाचा 'ट' जिभेचे टोक मागे वळवून येतो, 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांत तो भेद करत नाही. पण म्हणून श्रोता अडून बसत नाही, चार दिवसांत त्याला सवय होते. अडचण येते ती आघाताची. 'फोटोग्राफ', 'फोटोग्राफर', 'फोटोग्राफिक' या तीन शब्दांत इंग्रजीचा आघात अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या अवयवावर सरकतो. आपण तिन्ही शब्द जवळपास सारख्या वजनाने म्हणतो, कारण मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही. हेच वाक्यातही घडते. लॉरा हान यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका कोरियन साहाय्यकाच्या एकाच व्याख्यानाची तीन ध्वनिमुद्रणे ऐकवली : एकात वाक्यातील मुख्य आघात योग्य जागी, एकात भलत्या जागी, एकात मुळीच नाही. योग्य आघाताचे व्याख्यान श्रोत्यांच्या अधिक ध्यानात राहिले. बोलणारा एकच, त्याचा परकेपणाही तोच! म्हणजे परकी ढब पुसण्याची गरज नाही. वाक्यात नवे काय, महत्त्वाचे काय, ते आवाजाने दाखवता आले पाहिजे.

पण खरी कसोटी बोलण्यात नसून ऐकण्यात आहे, असे मला वाटते. आपला विद्यार्थी ज्या वर्गांतून घडतो, तिथे 'समजले का?' या प्रश्नाला साऱ्या माना हलतात आणि तास पुढे सरकतो. तिथे अठरा वर्षांचा मुलगा मध्येच थांबवतो, अर्धे वाक्य बोलीत गिळतो, आणि उत्तराची वाट पाहतो. अशा वेळी प्रश्न स्वतःच्या शब्दांत पुन्हा मांडून 'हेच विचारायचे होते ना?' असे विचारणे, संज्ञा फळ्यावर लिहिणे, ठाऊक नसेल तर तसे सांगणे, हे शिकावे लागते. दहा मिनिटांचा पाठ चित्रित करून तो स्वतःच पाहायला लावण्याची पद्धत या प्रशिक्षणात आहे. पडद्यावर आपली पाठ वर्गाकडे आणि तोंड फळ्याकडे पाहिले की बरेच काही आपसूक उमगते. (आपल्याकडे नेट-सेट झालेल्याला नेमणुकीपूर्वी असा एकही पाठ घ्यावा लागत नाही, हे सांगताना थोडी शरम वाटते.)

आता दुसरी बाजू. डोनल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका अमेरिकी स्त्रीच्या आवाजातील सुमारे चार मिनिटांचे व्याख्यान विद्यार्थ्यांना ऐकवले. एका गटापुढे गौरवर्णी स्त्रीचे छायाचित्र, दुसऱ्यापुढे आशियाई स्त्रीचे. आवाज तोच असूनही दुसऱ्या गटाला त्यात परकी ढब ऐकू आली, आणि व्याख्यानही कमी समजले. न समजणे हे ढोंग नव्हते, ही यातली अस्वस्थ करणारी गोष्ट. डोळ्यांनी आधीच निकाल दिला होता, कानांनी तो पाळला.

हे वाचून मला आमचाच वर्ग आठवला. ग्रामीण भागातून आलेला एक तरुण सहकारी 'पाणी'ला 'पानी' म्हणे. 'सरांचे मराठी कळत नाही' अशी तक्रार शिक्षकांच्या खोलीत आली, आणि आम्ही, मराठीचेच शिक्षक, हसलो. तक्रार करणाऱ्यांच्या वह्या पुढे माझ्याकडे तपासायला आल्या. त्यांत त्याचे तास मुद्द्यांसह, नीट उतरवलेले होते.

तेव्हा परक्या साहाय्यकाला सत्रारंभी आठवडाभर शिकवताना, त्याच सत्रात पदवीच्या नव्या मुलांसाठीही एखादा तास राखावा : अनोळखी ढब ऐकायची कशी, अडले तर विचारायचे कसे. सवयीने कान तयार होतो. त्याला खर्चही फारसा नाही. कायद्यांनी मात्र खातरजमा मागितली ती बोलणाऱ्याची. ऐकणाऱ्याची परीक्षा घ्यावी असे कोणाला सुचले नाही.